म्हशीकडचं दार

कुठलीही पेटी बंद पडली की आबा आधी तिच्या पाठीवर हात ठेवायचे. लॅपटॉप उघडायचा नाही, तार ओढायची नाही. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा पालथा हात त्या काळ्या पेटीला लावायचा, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा, "ऊब हाय. जित्ती हाय." फोनवर गिऱ्हाईक बोंबलत असायचं, मागं मालक येऊन उभे असायचे. आबा त्यांच्याकडं वळून शांतपणे विचारायचे, "घाई कुणाला हाय?"

घाई सगळ्यांनाच असायची. पण असं तोंडावर विचारलं की माणूस गडबडतो. मालकसुद्धा "न्हाय, म्हणजे तशी काय न्हाय" असं पुटपुटत केबिनमध्ये परत जायचे.

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. वय पन्नाशीचं, केस सत्तरीचे, आणि चाल अशी की रस्ता आपल्यासाठी थांबलाय. केसांमुळं सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांच्याहून मोठे असलेले मालकही म्हणायचे.

आमची कंपनी म्हणजे कोल्हापुरातल्या एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. एके काळी मालकांचा टीव्ही केबलचा धंदा होता. दिवस बदलले तसे ते इंटरनेट द्यायला लागले. कोल्हापूरहून जयसिंगपूर, तिथून शिरोळकडची नदीकाठची गावं, अशी गच्च्यागच्च्यांवर आमची छत्री, म्हणजे अँटेना, बसली आणि प्रत्येक छत्रीखाली एक राऊटर. आबा राऊटरला पेटी म्हणायचे. आबा केबलच्या काळात खांबावर चढणारे. नंतर पुस्तकं घासून, परीक्षा देऊन सगळ्या जाळ्याचे मुख्य झाले. याचा त्यांना चांगला तोरा होता आणि तो ते झाकायचे नाहीत. "मला इचारल्याशिवाय ह्या जिल्ह्यात एक पुडकं हलत न्हाय," म्हणायचे. पुडकं म्हणजे पॅकेट.

मी त्यांच्या हाताखाली आलो तो एक पदवी, एक सर्टिफिकेट आणि एक नवीन बॅग घेऊन. पहिल्याच दिवशी मोबाईल चार्ज करायला जागा दिसेना, म्हणून भिंतीवरचा एक बिनकामाचा दिसणारा प्लग काढून माझा लावला. थोड्या वेळात ऑफिसातले सगळे फोन एकदम वाजायला लागले. अर्ध्या राजारामपुरीचं इंटरनेट बंद पडलं होतं. आबा आले, प्लगकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"चार्ज झाला का, साहेब?"

तेव्हा कळलं की आबा चिडले की 'साहेब' म्हणतात. एरवी मी 'गड्या' होतो. पहिल्या वर्षात मी साहेबच जास्त होतो.

एकदा असंच साहेबपण चालू असताना त्यांनी मला परीक्षेला बसवलं. "पॅसिव्ह इंटरफेस म्हणजे काय, सांगा."

मी पाढा म्हटला. ज्या इंटरफेसवरून राऊटिंग प्रोटोकॉल हॅलो पाठवत नाही, पण ज्याच्या मागचं नेटवर्क मात्र जाहीर करतो, तो पॅसिव्ह इंटरफेस.

"बराबर हाय. आता ह्येच तुझ्या आईला सांगून दाव."

मी तीच व्याख्या सावकाश म्हटली.

"घर हाय समज. घराला दारं किती?"

"आमचा फ्लॅट आहे, आबा. एकच."

"मग मुकाट ऐक. पुढच्या दारात उभं ऱ्हायचं आन शेजारणीला हाक मारायची, हाईस का? ती म्हणणार, हाय. मग बातम्या. माझ्या मागं अमकी गल्ली हाय, तुझ्या मागं काय हाय? तिनं फुडच्या शेजारणीला सांगायचं. कोल्हापूरच्या पेटीला नदीकाठचं गाव ठावं हाय ते असं, तोंडातोंडी. हाक बंद झाली की शेजारीण समजती, गेली ही. हिच्या मागची गल्ली बी गेली. कळलं?"

"कळलं."

"आता परड्यातलं दार. तिकडं म्हशी. म्हशीला हाक मारून गावच्या बातम्या सांगतोस व्हय?"

"नाही."

"पर परड्यात म्हशी हायत ह्ये गावाला ठावं पायजे. न्हायतर दूध न्यायला कोण येणार? तर ते दार पॅसिव्ह. त्या दाराची खबर गावाला द्यायची, पर त्या दारातनं हाक मारायची न्हाय. आन तिकडनं कुणी हंबरलं तर बातमी म्हणून धरायची न्हाय."

"आणि म्हैस पुढच्या दारात येऊन बोलायला लागली तर?"

"मग तिला नोकरी द्यायची. मालकांनी तुला न्हाय का दिली?"

आबांची प्रत्येक उपमा शेवटी म्हशीवर यायची, हा त्यांचा दोष मी तेव्हाही मोजायचो. पण आमच्या ऑफिसात पॅसिव्ह इंटरफेसला 'म्हशीकडचं दार' हेच नाव पडलं. नवीन माणूस आला की आधी दचकायचा.

आणखी एक रीत होती, ती चहाची. लांबच्या गावच्या पेटीत इथं बसून बदल करायचा म्हणजे आपण बसलोय तीच फांदी तोडण्यातला प्रकार. एक ओळ चुकली की तुमची वाट तुटते, आणि चूक सुधारायला त्याच वाटेनं जायचं असतं. म्हणून आबा आधी पेटीला सांगून ठेवायचे की थोड्या वेळानं स्वतःहून बंद पड आणि जुन्या मांडणीवर परत चालू हो. मग बदल करायचा. सगळं नीट झालं तर हुकूम मागं घ्यायचा. चुकलंच तर पेटी आपली आपण ताळ्यावर येते. हा हुकूम देतानाच ते खिडकीतून खालच्या गाडीवर चहा सांगायचे, कारण चहा यायला तेवढाच वेळ लागायचा. वर्षानुवर्षं असं चालल्यावर दोन्ही गोष्टी एकच झाल्या. आबा नुसतं "चहा सांगितलास?" विचारायचे आणि आमचा हात आपोआप त्या हुकमाकडं जायचा.

आबांचं गाव नदीकाठचं. आठवडाभर ते कोल्हापुरात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी एस.टी.नं घरी. घरी काकी, म्हणजे त्यांची बायको, आणि आई. आई पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेली. त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत, आईच्या पलंगाजवळ, त्या गावची पेटी होती, आणि गच्चीवर जयसिंगपूरकडं तोंड करून छत्री. दुपारी जेवायच्या सुट्टीत आबा मोबाईलवर व्हिडिओ लावायचे. म्हातारी विचारायची, "जेवलास?" आबा डबा उघडून कॅमेऱ्यासमोर धरायचे. म्हातारी डबा तपासायची. "भाकरी दोनच?" जिल्ह्याचं पुडकं हलू न देणारा माणूस मान खाली घालून सांगायचा, "एक खाल्ली, आई."

त्या वर्षी नदीला पूर आला, पाणी वाढायला लागलं तसं मालकांनी आम्हा दोघांना आधीच जयसिंगपूरच्या शाखेत नेऊन बसवलं. कोल्हापूरचा रस्ता एकदा बंद झाला की पलीकडं कुणी जाऊ शकत नाही. शाखा म्हणजे एका दुकानावरची एक खोली, त्यात आमची मोठी पेटी, दोन खुर्च्या आणि खाली चहाची गाडी.

आबांच्या गावातली माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून हलवली गेली. म्हातारीला ट्रॉलीत बसवता येईना. आडवं घालायला जागा नव्हती, आणि दोघांनी धरली तरी ती कण्हायची. काकी म्हणाल्या, "तुम्ही व्हा फुडं, दुसऱ्या खेपेला येतो आमी." दुसरी खेप आलीच नाही. सकाळपर्यंत पाण्यानं गावाला वेढा घातला. गल्लीत दोघीच राहिल्या.

मोबाईलचे मनोरे बंद पडले होते. काकींचा फोन चालायचा तो फक्त वरच्या खोलीतल्या आमच्या पेटीवर. ती पेटी इन्व्हर्टरच्या बॅटरीवर आणि बॅटरी कधीपर्यंत हे देवाला ठाऊक.

आबांनी तालुक्याच्या बचाव कक्षाला फोन लावून लावून बोटीची सोय केली. ठरलं असं, की बोट गल्लीच्या तोंडाला आली की बोटवाले वायरलेसवरून कक्षाला कळवणार, कक्ष आबांना फोन करणार, आबा काकींना. मग काकी गच्चीच्या कडेला येऊन लाल लुगडं हलवणार. घर आतल्या बाजूला. लुगडं दिसल्याशिवाय बोटीला कळायचं नाही की तिथं अजून कुणी आहे.

आणि नेमके सकाळपासून काकींचे फोन तुटायला लागले. अर्धा शब्द यायचा, अर्धा गायब. मी शोधलं, आणि सापडलंही. त्याच गावात एका गूळ व्यापाऱ्याचं उंचावरचं गोदाम होतं, आमचं गिऱ्हाईक. त्याच्या भाच्यानं कुठून तरी जुनी पेटी आणून आमच्या तारेला जोडली होती, आणि ती आमच्या पेटीशी शेजारीण असल्यासारखी बोलत होती. "सगळ्या जगाची वाट माझ्याकडूनच जाते," असं सांगत होती. आमची पेटी भोळी, तिनं ऐकलं. काकींचा आवाज गुळाच्या गोदामात जाऊन मरत होता.

आबा कक्षाच्या फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "गोदामाकडचं दार म्हशीचं कर. तेवढं एकच." आणि सज्जात गेले.

आता माझं शहाणपण बघा. पुस्तकात लिहिलंय की एकेक दार कशाला बंद करत बसता, आधी सगळीच दारं पॅसिव्ह करून टाका आणि मग बोलायचं तेवढं एक उघडा. पद्धत चांगली आहे. टेबलावरच्या पेटीला फार चांगली. मी गावच्या पेटीत पहिली ओळ मारली, सगळी दारं म्हशीची. दुसरी ओळ मारायची होती, जयसिंगपूरकडचं दार परत बोलतं करायची. पण पहिल्या ओळीबरोबर त्या पेटीनं आम्हालाही हाक मारणं बंद केलं होतं. माझ्या स्क्रीनवर कर्सर थिजला. दुसरी ओळ माझ्या बोटांतच राहिली.

आणि चहा? गाडीवाला सकाळीच आपलं बिऱ्हाड हलवायला गेला होता. गाडीवर ताडपत्री. चहा सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मी तो परत चालू व्हायचा हुकूमही दिला नव्हता. माझ्या डोक्यात तो हुकूम चहाच्या वासाला बांधलेला होता. हसा, माझी हरकत नाही. मीही हे सांगताना बहुतेक वेळा हसवतोच.

सज्जातून आबा धावत आले. आबांना धावताना मी पहिल्यांदा बघितलं.

"बोट गल्लीच्या तोंडाला आली म्हणत्यात. हिला लाव."

"आबा, लागणार नाही."

"का?"

"मी सगळीच दारं म्हशीची केली."

त्यांनी मला साहेब म्हटलं नाही. गड्याही म्हटलं नाही. स्वतःच्या फोनवर काकींचा नंबर लावला, लागला नाही. परत लावला. मग कक्षाचा लावला आणि ओरडायला लागले, "थांबवा बोट. लुगडं दिसंल, आत्ता दिसंल. घर बघा, निळी पाण्याची टाकी हाय, निळी." पलीकडचा माणूस काहीतरी सांगत होता. आबा ऐकत होते आणि निळी निळी म्हणत होते. मग त्यांनी फोन खाली घेतला.

"गेली," ते म्हणाले. "हाका मारल्या म्हणे. कोण दिसलं न्हाय. दुसरीकडं पत्र्यावर माणसं हायत."

ते जिन्यानं खाली धावले. मी खिडकीतून बघितलं. रस्त्यावर आले, शिरोळच्या दिशेनं थोडे पळाले, थांबले. तिकडं पुढं रस्ता पाण्यात जात होता. पावसात तसेच उभे राहिले. मग परत जिना चढून आले.

मी तोवर लॅपटॉपवरून तीच खटपट परत परत करत होतो. माणूस बंद दाराला धडका मारतो ना, तसा. आबा मोठ्या पेटीजवळ जाऊन बसले. की-बोर्ड ओढला आणि टाइप करायला लागले. अक्षरं भलतीच पडत होती. तीनदा खोडलं. मग की-बोर्ड माझ्याकडं सरकवला.

"तू बस," ते म्हणाले. "मी सांगतो."

मी बसलो.

"लॅपटॉपवरनं जाऊ नको. तिला तुझ्या लॅपटॉपची वाट आता ठावं न्हाय. पर ही पेटी तिची शेजारीण हाय, भिंतीला भिंत. छत्री हलल्याली न्हाय, बोलणं बंद झालंय नुसतं. हिच्यात शिर, आन हिच्या दारातनं तिला हाक मार."

ते हे लांबची पाटी वाचावी तसं एकेक शब्द थांबत म्हणत होते. मी मोठ्या पेटीत शिरलो. तिच्या दारातून गावच्या पेटीचा शेजारचा पत्ता मारला. थोडा वेळ काही नाही. मग पासवर्ड मागितला. मी इतका चक्रावलो की वळून म्हणालो, "आबा, मागतेय."

"मग दे की, बाबा," आबा म्हणाले. आवाजात रडं होतं.

दुसरी ओळ मारली. शेजारणी बोलायला लागल्या. आबांनी फोन लावला. रिंग गेली. रिंग जाते आहे हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी खुर्चीत उडी मारली. पण फोन कुणी उचलेना. परत लावला. परत नाही. आबा फोनकडं बघत होते आणि मी भिंतीकडं. तिसऱ्यांदा काकींनी उचलला.

"अवो, कुठं गेल्तासा? किती येळ झाला..."

"बोट आल्ती."

"इंजिनाचा आवाज आला तशी गच्चीत पळाले. तवर वळली. वराडले मी. पाठमोऱ्या माणसाला काय ऐकू जातंय." दम लागला होता त्यांना. "जिन्याचं वळाण बुडलं ओ. तुळशीबी दिसंना."

"आई?"

"आई बऱ्या हायत. वाकळंत गुंडाळून ठेवल्यात. तुम्ही जेवलासा काय इचाराल्यात."

आबांनी परत कक्षाला फोन लावला. तिथं फोनवर कुणीतरी तरुण पोरगा असावा, आवाजावरून. त्याला आबा म्हणाले, "साहेब, माझी दोन माणसं हायत. साहेब, एक उठू शकत न्हाय. पाया पडतो, साहेब." इतकी वर्षं ज्या शब्दानं त्यांनी मला सोलून काढलं, तो शब्द ते खरोखरीचा वापरत होते. मला कान झाकून घ्यावेसे वाटले. पोरगा म्हणाला, उजेड आहे तोवर बघतो, शब्द देत नाही. अंधारात बोट घालत नाहीत, खाली तारा आहेत, विहिरी आहेत.

मग वाट बघणं सुरू झालं. आबांनी काकींचा फोन कट केला नाही. मोबाईल टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून. त्यातून पाण्याचा आवाज येत होता, म्हणजे तसा काही नव्हेच, भांड्यात हलवल्यासारखा. मधूनच म्हातारी खोकायची.

"बोला की कायतरी," काकी म्हणाल्या.

"काय बोलू?"

"एवढं जगाला बोलतं करतासा आन मला म्हणे काय बोलू." काकी अशा होत्या. नंतर म्हणाल्या, "म्हशी कालच सोडल्या मी. दावी कापली. कुठं गेल्या काय ठावं."

"बरं केलंस."

"तुमचं ते यंतर कवाधरनं टुकटुक कराया लागलंय."

इन्व्हर्टर. बॅटरी संपत आली होती. आबांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. बॅटरी गेली की पेटी जाणार, आणि बोट आल्याचं काकींना सांगायला काहीच राहणार नव्हतं. काकी खोलीत म्हातारीजवळ बसल्या तर बोट परत निघून जाणार. गच्चीत उभ्या राहिल्या तर खाली पाणी चढत असताना म्हातारी खोलीत एकटी. एकटी पडली की ती घाबरून उठायला बघते आणि पलंगावरून पडते, हे आबा आम्हाला ऑफिसात कितीदा सांगायचे.

"ऐक," आबा म्हणाले. "फोन आईच्या उशाला ठेव. तू गच्चीत जा, लुगडं घेऊन. बोट दिसत न्हाय तवर खाली येऊ नको. काय झालं तरी येऊ नको."

"आन आई?"

"आईशी मी बोलतो."

काकींचा जिना चढण्याचा आवाज आला. मग नुसतं टुकटुक आणि म्हातारीचा श्वास.

"कोण?" म्हातारी म्हणाली.

"मी हाय, आई."

"जेवलास?"

"जेवलो."

ते खोटं होतं. सकाळपासून दोघांच्या पोटात काही नव्हतं. पण मग आबा बोलायला लागले. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. काय जेवलो ते सांगितलं, वांग्याचं भरीत, ताक, खर्डा. भरीत कसं होतं ते सांगितलं. मीठ कमी होतं म्हणाले. लहानपणी पुरात एकदा वडिलांनी खांद्यावर घेतलं होतं ते सांगितलं. मग माझ्यावर आले. हितं एक पोरगं हाय म्हणाले, लई शिकल्यालं, फोन चारजिंगला लावायचा म्हणून त्यानं अर्धं कोल्हापूर बंद पाडलं. म्हातारी हसली. खोकल्यासारखं हसली, पण हसली. "मारू नको त्येला," म्हणाली.

"न्हाय मारत, आई."

"कुठं हाईस तू?"

"हितंच हाय. जिन्यात हाय. वर येतोय."

"ये. पाणी आलंया खोलीत."

आबांनी डोळे मिटले. "पाय वर घेतल्यात न्हवं? घोंगडं हाय न्हवं पायावर? आता बघ आई, आपली ती काळी म्हस..."

आणि फोन बंद झाला. स्क्रीनवर काकींचं नाव, आणि पुन्हा जोडण्याचा प्रयत्न करत आहे, असं काहीतरी फिरत राहिलं. मोठ्या पेटीवर मी बघितलं. शेजारीण गेली होती. या वेळी ती माझ्यामुळं गेली नव्हती, पण त्याचं मला काही समाधान वाटलं नाही. आबा बंद फोनला पुढची थोडी वाक्यं सांगत राहिले. काळी म्हस अशी, काळी म्हस तशी. मी त्यांना थांबवलं नाही.

मग आम्ही पाण्याकडं गेलो. शिरोळचा रस्ता जिथं पाण्यात उतरत होता तिथं बोटी लागत होत्या. माणसं उतरत होती. गाठोडी, कोंबड्या, एक शिलाई मशीन. आबा प्रत्येक बोटीपुढं जाऊन विचारत होते, निळी टाकी, लाल लुगडं. कुणी मान हलवायचं, कुणी तेही नाही. एक बाई म्हणाली, एका गच्चीवर कोण तरी लुगडं हलवत होतं, पण निळी टाकी होती का ते आठवत नाही. आबांनी तिला तीन वेळा विचारलं. ती रडायला लागली तेव्हा तिच्या नवऱ्यानं आबांना बाजूला केलं.

उजेड खाली जात होता. एक बोट आली, त्यात नव्हत्या. बोटवाल्यांनी सांगितलं, आणखी एकच येणार, मग बंद.

ती शेवटची आली तेव्हा आधी मला लाल दिसलं. काकींनी लुगडं डोक्याला बांधलं होतं. त्यांच्या मांडीवर वाकळेचं एक लांबोडं, आणि त्या वाकळेचं एक टोक हलत होतं.

पुढं म्हातारी बरेच दिवस जयसिंगपूरला दवाखान्यात होती आणि बरी झाली. आबा काही कामावर परत आले नाहीत. मालक स्वतः दोनदा जाऊन आले. आता ते गारगोटीकडं काकींच्या माहेरी राहतात. मी फोन करतो. काकी उचलतात. एकदा म्हणाल्या, "लांब गेल्यात, मागनं करा." मी विचारलं कुठं. म्हणाल्या, "परड्यात." आईचा पलंग दिसत नाही इतक्या लांब ते जात नाहीत. नवीन माणसाला पॅसिव्ह इंटरफेस मी शिकवतो. तो समजतो की नाही देव जाणे. चहाचं मात्र मी कुणाला सांगत नाही. आम्ही आता ऑफिसात थर्मास ठेवतो.

पण मला आबा दिसतात ते त्या संध्याकाळचे. बोट अजून बरीच आत होती तेव्हाच ते पाण्यात उतरले. कमरेपर्यंत गेले आणि बोटीची कड दोन्ही हातांनी धरली. इंजिन बंद झालं. बोटवाला म्हणाला, "पावणं, सोडा. कडंला घेऊ द्या." आबांना ऐकूच गेलं नाही. काकी वाकून म्हणाल्या, "सोडा की ओ, आलो न्हवं आमी?" त्यांनी सोडलं नाही. मग बोटवाल्यांनी नाद सोडला आणि बांबूनं रेटत बोट आणायला लागले, आणि आबा तिच्याबरोबर चालत आले. पाणी कमरेवरून मांडीला आलं, मांडीवरून गुडघ्याला, मग घोट्याला, आणि बोटीचं बूड रस्त्याच्या डांबराला घासलं तरी आबा चालतच होते, कड धरून, वाकळेकडं बघत, कुणी थांबवेपर्यंत.